ओढ्याच्या दोन काठांना दोन आमदार

लेकरांनो, अंगाची लाही होऊन राहिली म्हणून लिहायला बसले.

आमचा तांडा ओढ्याच्या अलीकडं, दवाखाना पलीकडच्या गावात. आधी दोन्ही एकाच मतदारसंघात होते. मग हद्दी बदलल्या आन् मधला ओढाच शीव झाला.

आज पलीकडचे आमदार गावात आले. माझ्या नातसुनेचे दिवस भरलेत, म्हणून आमी बाया तांड्याच्या म्होरक्याला, नायकाला, संगं घेऊन मांडीभर पाण्यातून पूल मागायला गेलो. तांड्याची रीत अशी, की नायक बोलतो, बाकीचे गप. नायकानं हार घालून पुलाचं सांगितलं.

आमदार म्हणले, "तुमचं मतदान तिकडं. तुमच्या आमदाराला सांगा."

"सांगितलं साहेब. ते म्हणतेत, पलीकडचा काठ आमचा न्हाई."

आमदार हसले. नायक मागं सरकला. मीच पुढं झाले, "साहेब, पूल एकाच काठावर उभा राहतो का?"

त्यांनी गाडीची काच वर केली. नायक माझ्यावरच खेकसला, "काकी, तू काहून बोलली?"

"तू गप बसला म्हणून!"

येताना पाणी कमरेला लागलं. नातसून दारात पोट धरून उभी. "आजी, काय म्हणले?"

तिला काय सांगू? आज रातच्याला कळा सुटल्या, तर कोणत्या आमदाराला हाक मारू?