गाऱ्हाण्यातली मोकळी जागा

आमच्या वाडीत देवाशी बोलायचं काम हरिहरदादा गुरवांचं. रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या अलीकडे रस्ता आंब्याच्या कलमांतून खाली उतरतो, तिथं आमचं देऊळ. कुणाची म्हैस हरवो, कुणाच्या मुलीचं लग्न अडो, नारळ ठेवायचा आणि दादांनी गाऱ्हाणं घालायचं. ते देवाला हाक मारून अडचण सांगणार, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. हा मान त्यांच्या घराचा, दुसऱ्यानं घालायची रीत नाही. दादा एकदा सुरू झाले की श्वास कुठे घेतात ते कळत नसे. ऐकताना वाटे, देवाला नाही म्हणायला हा माणूस सवडच देत नाही.

दोन वर्षांमागे जत्रेला मुंबईहून यज्ञेश नावाचा एक तरुण दिग्दर्शक आला होता. त्यानं दादांना ऐकलं आणि त्यांच्या मागेच लागला. लहान गावातल्या एका लॉजवर तो विनोदी मालिका करत होता, 'रूम रिकामी आहे' नावाची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या रसाचे डबे भरायची एक शेड बंद पडली होती. तिथं त्यानं काउंटर, जिना, खोल्यांचे दरवाजे असं अख्खं लॉज उभं केलेलं. दादांनी त्यात लॉजचा जुना राखणदार व्हायचं आणि भागाच्या शेवटी काउंटरपुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं.

दादा देवाला विचारल्याशिवाय हो म्हणाले नाहीत. कौल लावला, तो उजवा आला, म्हणजे देवाचा होकार. कुसुमवहिनी, त्यांची बायको, मला म्हणाली, "बघ गो, देवाला पण टीव्हीत यायचंय."

मालिका लागली आणि वाडीत दुसरा विषय राहिला नाही. दादा आमच्या ओटीवर बसून मालिकेचे नियम समजावत. एका दारानं नवरा बाहेर पडला की दुसऱ्या दारानं सासरा आत यायला हवा. किल्ली नेहमी चुकीच्या खोलीचीच द्यायची. आणि काहीही होवो, पुढच्या भागात सगळं पहिल्यासारखं.

"जिना कोसळला तरी?" मी विचारलं.

"जिना कोसळला, मॅनेजरचा पाय मोडला, तरी पुढच्या हप्त्यात तो त्याच जिन्यावरनं उड्या मारत येणार. तिथं कुणाचं कायमचं काय होतच नाय, वैनी."

त्यांचं गाऱ्हाणं तर पोरांना पाठ झालं. "बा लॉजच्या महाराजा! तीन नंबरच्या खोलीतलं गिऱ्हाईक चादर घेऊन पळालं, त्याची गाडी हातखंब्याला पंक्चर होऊ दे!" मग सगळे "होय महाराजा!" आणि मग हशा. हा हशा तिथं कुणी हसत नसे, मुंबईला नंतर घालत. म्हणून यज्ञेशनं दादांना शिकवलं होतं, की दर वाक्यानंतर थांबा, हशाला जागा ठेवा, चेहरा गंभीरच ठेवा. ते दादांना सुरुवातीला जमत नव्हतं. कुसुमवहिनीनं घरी तालीम करून घेतली. वाक्य झालं की ती जात्याचा खुंटा धरावा तसा त्यांचा दंड धरी आणि हशाला पुरेल एवढा वेळ गेला की सोडी.

यंदा गौरी-गणपतीच्या तोंडावर, परसात नारळ सोलताना कुसुमवहिनी कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला होता. रत्नागिरीला नेलं, नळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, आता वाट बघायची. मुलगी निशिगंधा मुंबईहून आली आणि इस्पितळात बसली.

दादा तडक देवळात आले. हाकेसरशी अख्खी वाडी जमली. नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा महाराजा, माझी कुसुम अंथरुणावर पडलीहाय..."

"होय महाराजा!"

आणि दादा थांबले.

नेमका तेवढाच वेळ. हशाला लागतो तेवढाच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. वाईट मनानं नव्हे, त्या जागी हसायची सवय आम्हा सगळ्यांना लागली होती. हसणाऱ्यानं लगेच तोंड दाबलं. दादांनी पुन्हा सुरू केलं, दुसऱ्या वाक्याला पुन्हा तेच. चेहराही तसाच, टीव्हीतला. तिसऱ्यांदा ते बोललेच नाहीत. नारळ तसाच ठेवून पायरीवर येऊन बसले.

"माझं मलाच खोटं ऐकू येतंय," ते म्हणाले. "मग देवाला कसं ऐकू येत आसंल?"

मी म्हटलं, देव शब्द बघत नाही, भाव बघतो. माझी रोज पोथी वाचून झालेली श्रद्धा आहे ती. दादांनी हात आडवा केला.

"वैनी, भाव तुमी ठेवा. आमच्या घराण्याचं काम शब्दांचं हाय. तेच बिघडलं."

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डबा न्यायचा होता. दादा रिक्षात बसले आणि म्हणाले, आधी मिरजोळ्याला. त्यांना एकटं सोडू नको असं ह्यांनी बजावलं होतं, म्हणून मीही शेडमध्ये शिरले. यज्ञेश धावत आला. "दादा, तुम्ही कशाला आलात? शूटिंग मी पुढे ढकललंय."

"शूटिंगला नाय आलो. तू जे घातलंस ते काढ."

"काय काढू?"

"तो थांबा. माझ्या जिभेत बसवलास, तो काढ. आत्ता. माझी बायको मरतेय रे!"

त्या मुलाचा चेहरा पडला. त्यानं काउंटरपुढे सगळ्यांना हात जोडून उभं केलं, रंग लावलेला मॅनेजर, गाउनमधली मालकीण, दिवेवाले, सगळे. दादांनी सुरू केलं. थांबले. पुन्हा केलं. थांबले. घाम पुसून पुन्हा. यज्ञेश म्हणत होता, "दादा, श्वासच घेऊ नका," आणि दादा श्वास न घेता वाक्याच्या टोकाला येऊन गाडीचा ब्रेक दाबावा तसे उभे राहत होते. शेवटी ते काउंटरवर डोकं टेकून रडायला लागले. तिथल्या कुणाला हात लावायचंही सुचेना.

मी त्या मालकिणीकडे बघत होते. मालिकेत हिच्यापुढे दादा कधीच थांबत नाहीत. थांबताच येत नाही, कारण त्यांचं वाक्य संपायच्या आत ही बया तोंड उघडते. मी तिला विचारलं, "तुम्ही त्यांचं वाक्य अर्ध्यात तोडता, ते कसं?"

"शेवटच्या शब्दावर चढायचं, काकू. त्याला जागाच द्यायची नाही."

डबा देऊन परतलो आणि संध्याकाळी देवळात मी हे सांगितलं. 'होय महाराजा' वाक्य संपल्यावर म्हणायचंच नाही, दादांच्या शेवटच्या शब्दावरच घालायचं, सगळ्यांनी, जोरात. बाबल्याकाका, वाडीतले सगळ्यात वडील, काठी आपटून उठले.

"गाऱ्हाणं तोडायचं नसतं गो! वाक्य पुरं व्हायला हवं. तोडलं तर देवाकडं अर्धंच जातं."

दादा नारळापुढून वळले. "अर्धं गेलं तरी चालंल, काका. आता काहीच जात नाय."

 मग काका काठी भिंतीला टेकवून पुढे आले आणि दादांच्या अगदी कानाशी उभे राहिले.

"बा देवा महाराजा, माझी कुसुम अंथरुणावर पड..."

"होय महाराजा!"

काकांचाच आवाज सगळ्यांत मोठा. दादा अडखळले, पण थांबायला जागा नव्हती, म्हणून पुढे गेले. "तिच्या डोक्यातलं काय वाकडं आसंल ते सरळ..." "होय महाराजा!" "माझं काय चुकलं आसंल ते माझ्यावर..." "होय महाराजा!" आम्ही त्यांच्यावर अक्षरशः ओरडत होतो. बायका, माणसं, माझे हे, जे देवळात कधी आवाज काढत नाहीत. दादांचा चेहरा टीव्हीतला राहिला नव्हता. डोळे, नाक, तोंड सगळं वाहत होतं. एकही वाक्य धड पुरं झालं नाही. पण गाऱ्हाणं शेवटाला गेलं, नारळ फुटला.

नारळाची वाटी आम्ही इस्पितळात नेली. परिचारिका म्हणाली, आत काही न्यायचं नाही. दादा काचेबाहेर ती हातात धरून उभे राहिले. निशिगंधा म्हणाली, "बाबा, बसा जरा." ते बसले नाहीत.

यज्ञेशचा फोन आला होता. राखणदार गावाला गेला असं दाखवतो, केव्हाही परत या, म्हणाला. 

आज पहाटे मी निशिगंधाशी फोनवर बोलले. वहिनीत फरक नाही, चांगला नाही, वाईटही नाही. दादा रोज सकाळी गाऱ्हाणं घालतात आणि आम्ही रोज ते तोडतो. पण सणाची कामं आली, कुणाला बाजार, कुणाला मखर. काल माणसं कमी होती, आवाज पातळ पडला, आणि मधे एकदा दादांना थांबायला फट सापडली. ती फट मी ऐकली. माझा जप अजून व्हायचाय, कुकरच्या शिट्ट्याही पुऱ्या व्हायच्यात. गॅस बंद करते आणि आधी देवळात जाते. वाटेत दोन घरी हाक मारीन, येतील तेवढ्यांना घेऊन.