न लिहिलेला झटका

मी फटकळ आहे, हे आमच्या उपकेंद्रात कुणालाही विचारा. महाळुंग्याच्या पुढे, कंपन्यांच्या भिंतींमध्ये सापडलेलं एक गाव आहे. तिथे मी वीसेक वर्षं सिस्टर आहे. बुधवारी लसीकरण असतं. खोलीभर बायका, पोरांचा आरडाओरडा, बाहेर कंटेनरचे हॉर्न. त्या गर्दीत एकेकीला काय समजावत बसणार? पोराच्या मांडीत सुई टोचायची, 'काही होत नाही, जा' म्हणायचं आणि पुढचीला हाक मारायची. आम्ही सगळ्याच जणी असंच करायचो आणि त्यात काही वावगं आहे असं कधी मनातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गावातल्याच एका शेतकरी घरातली सून दीड वर्षाच्या मुलाला बूस्टरसाठी घेऊन आली. नवरा कंपनीत शिफ्टला, सासू-सासरे उरलेल्या वावरात कांदा करणारे. तिलाही मी तेच म्हणाले. दुपारी पोराचा ताप भडकला आणि त्याला झटका आला. डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. घरात ती एकटीच. शेजाऱ्याच्या गाडीवर पोराला छातीशी धरून तिने चाकण गाठलं. तापाचा झटका होता, पोरगं संध्याकाळपर्यंत खेळायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले तर ती दारातच उभी राहिली.

"तुमी तर म्हनला व्हता, काय होत न्हाई," एवढंच बोलली आणि आत गेली.

आता माझी खरी चूक सांगते. लस दिल्यावर असं काही झालं की त्याचा एक फॉर्म भरून वर पाठवायचा असतो. मी भरला नाही. चौकशी होणार, साहेब येणार, शंभर प्रश्न विचारणार. पोरगं बरं झालंय ना, मग कशाला ते लचांड, असं म्हणून मी गप्प बसले.

यंदा त्या सुनेला मुलगी झाली. तीन महिने होत आले तरी दवाखान्यातून निघताना दिलेल्या लसींनंतर एकही डोस नाही. गावातली आशा सेविका दोनदा जाऊन आली, सासूने अंगणातूनच वाटेला लावली. त्यात कंपनीमागच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये डांग्या खोकला निघाला, याच लसीने टळणारा. खोकता खोकता निळं पडलेलं एक तान्हं मी ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं होतं. सुनेची ती पोर तिथून दोन गल्ल्यांवर होती. मला जेवण गोड लागेना.

अशात पिंपरीला तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं. लसीनंतर काय काय होऊ शकतं आणि ते आईबापांना कसं सांगायचं, यावर बऱ्याच देशांनी मिळून चालवलेलं. मी नाक मुरडत गेले. परदेशी लोक येणार, एसीत बसून आम्हाला बोलायला शिकवणार, वर चहाबरोबर बिस्किटं देणार.

शिकवायला उभी राहिली ती घाना देशातली नर्स. माझ्याच वयाची, जाड भिंगांचा चष्मा, उभं राहून राहून सुजलेले पाय. एक डॉक्टर मुलगी तिचं बोलणं मराठीत सांगत होती. ती म्हणाली, आमच्याकडेही आम्ही आयांना हेच सांगायचो, काही होत नाही म्हणून. हॉलमधल्या सगळ्या सिस्टर हसल्या. मी हसले नाही. कुठलं घाना आणि कुठलं महाळुंगे, आणि ही बाई माझ्या खोलीत उभं राहून ऐकल्यासारखी बोलत होती.

मग तिने नाटक करायला लावलं. मी आई व्हायचं, ती सिस्टर. मी त्या सुनेचंच सोंग घेतलं, म्हटलं बघू काय उत्तर देते. पोराला झटका आला, तुम्ही फसवलंत, असं मी तणतणून बोलले. ती समजूत घालायला आली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि विचारलं, त्या वेळी घरात कोण होतं? तू काय केलंस? मी सांगायला लागले, शेजाऱ्याची गाडी, चाकणचा रस्ता, आणि मला हुंदकाच आला. त्या सुनेला दोन वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला न भरलेल्या फॉर्मचं सांगून टाकलं. ती रागावली नाही. म्हणाली, घानातल्या तिच्या गावातल्या पोराच्या तापाचा कागद आणि दुसऱ्या देशांतले तसलेच कागद एकत्र येतात आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं ते वाचतात, कुठे काही पुन्हा पुन्हा घडतंय का ते शोधतात. मी थक्क होऊन ऐकत राहिले. इतकी वर्षं मी त्या कागदांना साहेबाचा जाच समजत होते. कुठल्या तरी गल्लीतल्या पोरासाठी एवढं जग जागं आहे, हे मला माहीतच नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली मला.

परत आल्यावर आधी आमच्या डॉक्टरांना सगळं सांगून त्यांची बोलणी खाल्ली, मग कोरा फॉर्म घेऊन सुनेच्या घरी गेले. सासू म्हणाली, "आता काय ऱ्हायलंय?" मी सुनेकडे बघून सांगितलं की मी तेव्हा खोटा धीर दिला आणि झटका लिहिलाही नाही, चुकले. ती दारातून बाजूला झाली.

"मग लिवा आता. माज्यासमोर लिवा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. किती वाजले होते, डोळे कुठल्या बाजूला फिरले, किती वेळ. सगळं तिच्या तोंडपाठ होतं. हे कुठे जातं, तिने विचारलं. तालुका, जिल्हा, दिल्ली, आणि त्याच्याही पुढे, मी सांगितलं. "माज्या पोराचं येवढ्या लांब वाचत्यात?" असं म्हणून तिने त्या कागदावरून हात फिरवला. लसीचा विषय मी काढला नाही.

पुढच्या बुधवारी ती मुलीला घेऊन रांगेत उभी होती. मी सुई बाजूला ठेवली आणि सांगितलं, "आज हिला ताप येईल, मांडी सुजेल. एवढ्या लहानपणी झटका क्वचितच येतो, पण येणारच नाही असं मी म्हणणार नाही. काहीही वाटलं तर मला फोन कर, मी येते." मागच्या बायका कुरकुरल्या, त्यांना मी गप्प केलं. तिने पोरीचा पाय घट्ट धरला.

चार वाजता फोन वाजला. तिचा नंबर बघून मी चपला पायात सरकवतच तो उचलला.

"ताई, ताप आलाय," ती शांतपणे म्हणाली, "तुमी सांगितला तसाच."