उट्रेख्तमधले वळसे

माझ्या धाकट्या भावाने अकरा महिने दारूला हात लावला नव्हता. बाराव्या महिन्यात मी त्याच्याकडे आठ दिवस राहायला गेलो आणि एका गुरुवारी दुपारी, हसत हसत, त्याला ग्लास घ्यायला लावला. ते अकरा महिने मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते, याचा आता मला काही उपयोग होत नाही.

भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. नोकरीच्या निमित्ताने नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात बारा वर्षं होता, एकटाच. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात दारूचा विषय निघत नसे. म्हणजे मी प्यायचो, पण ते 'चाखणं' होतं. आम्हा नाशिककरांची ही नवी मिजास आहे. रविवारी पाहुण्यांना धरणाकडच्या एखाद्या वायनरीत न्यायचं, ग्लास उजेडात धरायचा, त्यात नाक खुपसायचं आणि जाणकारासारखी मान डोलवायची. आईला ते द्राक्षाचं सरबत आहे असं सांगितलेलं होतं आणि तिनेही ते खरं मानायचं ठरवलं होतं. भाऊ मात्र माझ्यासमोर कधी प्यायला नव्हता. थोरल्यासमोर धाकट्याने घ्यायची नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. ते तसंच असतं.

जायच्या आधी मी घरी बसून यादी केली होती. उट्रेख्तमधले क्राफ्ट बिअरचे बार, म्हणजे छोट्या ब्रूअरीत थोडी थोडी बनवलेली बिअर जिथे मिळते ते. एकेका वस्तीतले दोन-तीन निवडले. सगळीकडे चालत जायचं, कारण पायी फिरल्याशिवाय शहर कळत नाही असं मी चारचौघांत म्हणत असे. यादी भावाला पाठवली. दोन दिवसांनी त्याचा नुसता अंगठा आला.

पहिले दोन दिवस त्याने मला बारकडे फिरकू दिलं नाही. चर्चच्या मनोऱ्यावर चढवून माझे गुडघे दुखवले, चीजची दुकानं दाखवली, कालव्यांच्या काठाने तासन्‌तास चालवलं. तिथले कालवे रस्त्यापेक्षा एक मजला खाली आहेत. पाण्याला लागून जुनी तळघरं आणि त्या तळघरांत आता खाण्यापिण्याची ठिकाणं. वरच्या कठड्यावरून वाकलं की खालच्या टेबलांवरचे ग्लास दिसतात. मी वाकून बघत असे. भाऊ कठड्यापासून लांब, घरांच्या भिंतीला लागून चाले.

लोंबोक नावाची एक वस्ती आहे. तिथल्या गल्ल्यांना जावा-सुमात्रा बेटांची नावं आहेत आणि तुर्की दुकानदार कोथिंबिरीच्या जुड्या फुटपाथवर मांडून बसतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. तिथून घरी परतताना मी मोबाइल पुढे धरून म्हणालो, ''अरे, इकडून सरळ पाच मिनिटं आहेत.'' तो म्हणाला, ''दादा, इकडून छान आहे,'' आणि जिथे छान म्हणावं असं काहीच नव्हतं अशा रस्त्याने, रेल्वेच्या पुलाखालून, मोडक्या सायकलींच्या गोदामामागून, त्याने मला वीस मिनिटं फिरवलं. असं रोज चाले. मी वैतागलो. बारा वर्षं राहून तुला शहर कळलेलं नाही, असंसुद्धा त्याला सुनावलं. शहर त्याला इतकं कळलं होतं की एकाही बारच्या दारावरून न जाता कुठेही कसं पोहोचायचं, हे त्याने अकरा महिन्यांत पायांनी पाठ केलं होतं.

गुरुवारी मी रुसलो. मोठी माणसं रुसतात तसा, म्हणजे ''राहू दे, तुला नको त्रास'' असं म्हणून. मग तो निघाला.

पहिल्या बारमध्ये भिंतीवर नळांची रांग आणि फळ्यावर खडूने लिहिलेली नावं. मी चार छोटे ग्लास मागवले, एकीत जळकट कॉफीची चव आहे, एकीत आंबट बोरांची, असं मोठ्याने सांगत बसलो. भावाने लिंबू सोडा घेतला. दुसऱ्या बारमध्येही तेच. माझ्यासमोर लाजतोय, माझा मान ठेवतोय, असं मला वाटलं आणि मनातून बरंही वाटलं. त्या बरं वाटण्यातूनच मला उदार व्हायची हुक्की आली.

तिसरा बार खाली पाण्यालगतच्या तळघरात होता. काउंटरवर पन्नाशीची एक बाई होती. भावाला पाहून ती हसली, आणि त्याला काही न विचारता तिने त्याच्यासमोर एक बाटली उघडून ठेवली. मी बाटली फिरवून लेबल पाहिलं. बिनदारूची बिअर. मला हसू आवरेना. मी तिला इंग्रजीत सांगितलं की मी याचा थोरला भाऊ, म्हणून हा लाजतोय, याला खरी द्या. मग भावाकडे वळलो.

''घे रे. माझ्यासमोर चालेल.''

''नको, दादा.''

आमच्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी मोजत नाही. जेवणारा नको म्हणाला म्हणून पोळी वाढली नाही, तर तो अर्धपोटी उठतो. दुसरा 'नको' रीतीचा असतो. तिसऱ्या 'नको'ला वाढणारा थांबतो, पण तोवर पोळी ताटात पडलेली असते. मी त्याच हिशेबाने चाललो होतो.

''मला त्याने डोकं दुखतं.''

''एका ग्लासाने?''

''दादा, खरंच नको.''

''माझी शपथ आहे तुला.''

ही शपथ घातली की समोरच्याची सुटका नसते. मोडली तर घालणाऱ्याच्या जिवाला अपाय होतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तसं ते कुणी खरं मानत नाही आणि मोडतही कुणी नाही. भावाने आपल्यासमोरची बाटली बाजूला सारली. बाईने त्याला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तो दोन शब्द बोलला. तिने बाटली उचलली आणि आत निघून गेली. ग्लास तिने भरला नाही, दुसऱ्या माणसाने भरला.

भावाने तो तीन घोटांत संपवला. ''अरे, चाखायची असते,'' मी म्हणालो, ''तहान लागल्यासारखी काय पितोस?'' निघताना ती बाई दारापर्यंत आली आणि मला म्हणाली, याला सरळ घरी घेऊन जा. तिकडची आपुलकीची पद्धत असेल असं समजून मी तिचे आभार मानले.

तिथून पुढे वळसे बंद झाले. माझ्या यादीतले उरलेले बार त्याने मला सरळ रस्त्याने, मोबाइल न बघता दाखवले. मी म्हटलं, बघ, माहीत तर आहे तुला. तिकडे मे महिन्यात रात्री नऊपर्यंत ऊन असतं. त्या उन्हात आम्ही एका बाकावर बसलो आणि भाऊ पहिल्यांदा माझ्याशी बोलला. बाबा गेले तेव्हा त्याला वेळेवर येता आलं नव्हतं, ते सगळं बोलला. तो रडला, मग मीही रडलो. इतक्या वर्षांत आम्ही भाऊ म्हणून बसलो ती हीच संध्याकाळ, असं मी नाशिकला परतल्यावर कौतुकाने सांगत होतो. आईला बिअर वगळून सांगितलं. पुढचे दिवस तो रोज माझ्यासोबत प्यायला. शेवटच्या दिवशी तर जेवणाआधीच. सुट्टी आहे, म्हणून घेतोय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

दहा महिन्यांनी त्याची नोकरी गेली आणि तो परत आला. त्याला आणायला मी मुंबईच्या विमानतळावर गेलो. डोळे हळदीसारखे पिवळे, पाय सुजलेले. कसारा घाटाच्या आधी आम्ही चहाला थांबलो. हे कधीपासून, म्हणून विचारलं, तर त्याने सगळं सांगितलं. आधीची पाच वर्षं, सोडताना त्या तळघरातल्या बाईला 'यापुढे मला देऊ नका' म्हणून सांगून आलेला, मग अकरा महिने, ते वळशाचे रस्ते. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

''मग तेव्हा सांगायचं ना, गाढवा,'' मी म्हणालो.

''काय सांगणार? सोडली म्हणायचं, तर आधी धरली होती हे सांगावं लागलं असतं. तू ते आईला सांगितलं असतंस.''

सांगितलं असतं. काळजीच्या नावाखाली, दुसऱ्याच दिवशी फोन करून.

शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात त्याला ठेवलं. तिथे पंधरा दिवसांनी घरच्यांची बैठक असे. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भाऊ, आई आणि मी, समोर समुपदेशक. तरुण, नम्र माणूस होता. त्याने भावाला विचारलं, ''मधे अकरा महिने बंद होती म्हणता. मग पुन्हा कशी सुरू झाली? कुणी आग्रह केला का?''

मी तयार होतो. आता तो सांगेल आणि एकदाचं होऊन जाईल, असं मला वाटलं.

''नाही,'' भाऊ म्हणाला. ''दादा येऊन गेला, त्यानंतर घर एकदम रिकामं वाटायला लागलं. एकटाच गेलो आणि प्यायलो.''

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईने माझा हात हातात घेतला.

''तू आणखी आठ दिवस राहायला हवं होतंस रे,'' ती म्हणाली. ''तू जवळ होतास तोवर त्याने घेतली नव्हती.''

''हो,'' मी म्हणालो.

भाऊ त्यानंतर चार महिने जगला. त्या चार महिन्यांत मला कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. भेटायला येणाऱ्यांना आई आजही तेच वाक्य ऐकवते, आणि मी शेजारी बसून पाहुण्यांना पाणी देतो. आता सांगितलं तर या वयात तिला ते झेपणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालतो. ते खोटं आहे. तिला झेपेल. ती माझा हात सोडेल, याची मला भीती वाटते.