धाबळीची पट्टी

माझ्या बेस गिटारच्या तारा फार वेळ घुमायच्या. तारा जिथं टेकतात त्या ब्रिजजवळ त्यांच्याखाली स्पंज कोंबून पाहिला, आवाजच मेला. मग वडिलांच्या लोकरीच्या सोवळ्याच्या धाबळीची पट्टी कापून घातली. तार छेडायच्या जाड पिकनं तारेवर हाणलं आणि आवाज छातीत बुक्कीसारखा बसला.

दुर्गाघाटावर श्राद्ध सांगायला निघालेल्या वडिलांना कापलेली धाबळी दिसली. त्यांनी मला दोनदा थोबाडीत ठेवून दिली आणि तारा उपटायला घेतल्या. एक तार तुटली, त्यांचं दर्भाचं पवित्रक घालायचं बोट चिरलं. रक्ताळल्या हातानं श्राद्ध सांगता येईना. हळद जवळच होती, मी दिली नाही.

वडील गेले तेव्हा तीच धाबळी पांघरवून त्यांना मणिकर्णिकेवर नेलं. एक पट्टी कमी होती. तीही मी दिली नाही.