साडभाऊंनी मिळवलेली फी

घरांवर इतका जीव असलेला माणूस माझ्या थोरल्या साडभाऊंशिवाय, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याशिवाय, अख्ख्या मलकापुरात दुसरा नाही. माणसांवरही त्यांचा जीव आहे, पण तो बहुधा माणसं घरात राहतात म्हणून. ते मूल्यांकनकार. रस्त्यात, धरणात, कालव्यात कोणाचं घर जाणार असलं की सरकारसाठी त्याची किंमत ठरवायची, हे त्यांचं काम. पण सवय अशी जडली की कुठल्याही घरात शिरले की ते आधी भिंतीवर टकटक करणार, आढ्याकडे पाहणार आणि मग यजमानांना रामराम घालणार. माझ्या सोयरिकीसाठी मुलीकडची मंडळी आली तेव्हा सगळे माझा पगार विचारत होते, हे तेवढ्यात गच्चीवर जाऊन आले आणि भर बैठकीत म्हणाले, "स्लॅब गळते, पण मानसं लपवून नाई राह्यली. द्या पोरगी." धामणगाव बढ्याच्या एका लग्नात पंगत बसली आणि हे गायब. शोधलं तर यजमानांच्या गोठ्यात शिडीवर चढून तुळई सागाची की बाभळीची, हे पाहत होते. गोठा आता सरकारजमा होतो की काय, या धास्तीने खाली यजमान मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवालाही विसरले होते.

असा माणूस मूल्यांकनकारांच्या जिल्हा संघटनेचा अध्यक्ष झाला, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नव्हतं. मूल्यांकनकाराला मिळणारी सरकारी फी सगळ्या घरांना सारखीच. घर तहसीलीला खेटून असो की संग्रामपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी. लांबच्या गावी पेट्रोलही सुटत नसे. त्यामुळे काही जण फाटकातूनच घर पाहून फॉर्म भरत, आणि ज्यांना ते जमत नसे ते काम सोडून जात. शेवटी बैठकीत बहिष्काराचा ठराव आला. साडभाऊ उठले. "काम बंद केलं, त ज्याचं घर जाऊन राह्यलं त्याले काय भेटन? तो त आपल्या संघटनेचा मेंबरबी नाई." ठराव बारगळला आणि फी वाढवण्याच्या मागणीचा कागद घेऊन तेच भूसंपादनाच्या मॅडमकडे गेले. गाडी माझी म्हणून मीही.

मॅडम नव्या होत्या, सरळ होत्या. "फॉर्म दोन पानांचा," त्या म्हणाल्या, "मग एका घराला अख्खा दिवस कशाला लागतो?"

"सांगून नाई समजणार मॅडम. एक दिवस माह्यासंग चला."

मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढतात. पण मॅडम खरंच आल्या.

घर एका म्हाताऱ्या भाजीवालीचं होतं, कालव्यात जाणारं. आधीच्या अहवालात एवढंच लिहिलं होतं : जुने मातीचे घर. साडभाऊंनी टेपचं एक टोक मॅडमच्या हाती दिलं आणि काम सुरू केलं. मातीच्या गिलाव्याआड पक्क्या विटा निघाल्या. फळ्यांच्या वर सागाच्या तुळया निघाल्या. "माह्या सासऱ्यानं बैलगाडीत आनल्या होत्या," आजी म्हणाली, "कोनं इचारलंच नाई." परसातल्या भाजीला पाणी कुठलं, असं साडभाऊंनी विचारलं तेव्हा वेलांच्या मागे बांधीव विहीर सापडली. दुपार कलली. केसांत कोळिष्टकं अडकलेल्या मॅडम अंगणात उभ्या राहून जुना अहवाल पुन्हा वाचत होत्या.

"आजी, आधीचे साहेब किती वेळ थांबले होते?"

"त्यानं चपलाबी नाई काढल्या, बाई."

परतताना मॅडमनी आमचा मागणीचा कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "तुमच्या मागणीत जाण्यायेण्याचा वेळ धरलेला नाही. तो धरा आणि पुन्हा लिहून द्या."

त्यानंतरही फाईल वर गेली, खाली आली, शंका घेऊन परत आली. दर वेळी साडभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून बुलढाण्याला जात आणि न चिडता उत्तर देऊन येत. अखेर आदेश निघाला : घराच्या आकाराप्रमाणे आणि अंतराप्रमाणे फी, प्रवासखर्च वेगळा. मागितलं तेवढं सगळं मिळालं नाही, पण नेकीनं काम करता येईल एवढं मिळालं. आजीच्या घराची किंमत तर त्याआधीच नव्याने लागली होती.

पेढे वाटताना मूल्यांकनकारांची नवी यादी हाती आली आणि तिच्यात साडभाऊंचं नाव दिसेना. वयाची अट त्यांनी मधल्या काळात ओलांडली होती. नव्या दराने त्यांना एकही काम मिळणार नव्हतं.

"भाऊ, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हाव. पहिल्या दिवसापासून."

"मग एवढी धावपळ काऊन केली?"

"पाहुणे," पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, "घरं त जातच राहतीन ना लोकायची."

काम सोडून गेलेले तिघे आता परत आले आहेत. संग्रामपूरकडे एक नवी इंजिनियर मुलगी काम करते. कुठे अडली की साडभाऊंना फोन लावते. साडभाऊ अंगणात येऊन मोठ्याने समजावतात, "अवो ताई, माळ्यावर चढून पाहा, खालून नाई दिसत." फोन ठेवल्यावर मात्र ते थोडा वेळ तिथेच उभे राहतात. मी त्यांच्याकडे गेलेलो असलो, तर मीही त्यांना लगेच हाक मारत नाही.