बाजूला पडलेली रेघ

मगदूम सर गेले त्याच्या आदल्या रविवारी मी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात भेटले होते. बरं होण्याची शक्यता किती, ते सांगून डॉक्टर नुकतेच बाहेर पडले होते. सर हळूच म्हणाले, "एकच आकडा सांगतात गं हे... किती इकडं, किती तिकडं, ते कोण सांगणार?" तिथंही मास्तरकी सुटली नव्हती. मी हसले, आणि बाहेर येऊन रडले.

सांगलीच्या कॉलेजात सर आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. एकदा त्यांनी वर्गात भुईमुगाच्या शेंगांचं पोतंच आणलं. प्रत्येकानं डोळे मिटून ओंजळभर शेंगा घ्यायच्या, पोचट किती ते मोजायचं, आणि त्यावरून साऱ्या पोत्यातलं पोचट शेंगांचं प्रमाण कुठून कुठपर्यंत असेल ते सांगायचं. याचं पुस्तकी नाव विश्वासांतर. हिशेबाला हातानं फिरवायचं यंत्र होतं, आम्ही त्याला उसाचा चरक म्हणायचो. सरांनी आलेखाच्या कागदावर प्रत्येकाच्या दोन आकड्यांमध्ये आडवी रेघ ओढून पुढं नाव लिहिलं. मग सगळ्यांनी मिळून पोत्यातली शेंग न् शेंग फोडून मोजली. खरं प्रमाण निघालं, त्याची उभी लाल रेघ सगळ्यांच्या रेघांना छेदून गेली. माझी तेवढी बाजूला पडली.

माझं धाबं दणाणलं. वडील कोरेगावचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. "नापास झालीस की गाठोडं बांधायचं," हा त्यांचा हुकूम. नेमके त्याच आठवड्यात ते भेटायला आले आणि मी सगळं सांगून टाकलं. ते तडक सरांपुढं जाऊन उभे राहिले.

"सर, पोरीचं गनित चुकलं म्हनं. मग न्हिऊ का घरी?"

"आवं हवालदार, गणित बरोबर आहे तिचं. ओंजळच तशी आली. शंभर जणांनी नीट हिशेब केला, तरी पाचेक जणांचं हुकायचंच."

वडिलांनी कागदावरच्या माझ्या रेघेवर बोट ठेवलं. "म्हंजी नेम बरोबर हुता, वारं आडवं आलं."

"व्हय. ते कधीतरी येणारच, हे धरूनच आम्ही शिकवतो."

"मग शिकू द्या तिला," म्हणाले, आणि पहिल्या गाडीनं परत गेले.

सर जाऊन महिना उलटल्यावर मी त्यांच्या घरी काकूंना, सरांच्या पत्नीला, भेटायला गेले. सरांच्या टेबलामागं तो कागद अजून होता, पिवळा पडलेला. "दरवर्षी वर्गात न्यायचे, परत आणून इथंच लावायचे," काकू म्हणाल्या. "तू घेऊन जा आता."

मी साताऱ्यात शिकवते. आमचे आकडे छिद्रं पाडलेल्या कार्डांवरून पुण्याला जातात, संगणकाचा प्रोग्रॅम विश्वासांतर काढतो आणि आठवड्यानं छापील कागद येतो. छापून आलं की मुलांना ते ब्रह्मवाक्य वाटतं. काल मी सरांचा कागद फळ्याशेजारी लावला. माझं माहेरचं नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ही एकटीच बाजूला पडलीय. हिचं शिक्षण सुटलं आसंल, न्हाई?"

"मी आहे ती," एवढंच म्हणाले.