सयाजीभाऊंचा मोठा दिवस

नेरुळला सिडकोचं घर मिळालं ते ब्याण्णव साली. बैठी घरं, पुढे वीतभर अंगण, आणि सामाईक भिंतीपलीकडे सयाजी शेडगे आणि त्यांची बायको बाळाबाई. मी माणगावकडची, नुकतंच लग्न झालेली, पनवेलला एका कचेरीत नोकरी करणारी. सयाजीभाऊ पाटणच्या खोऱ्यातले. वाशीच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोणी वाहायचे. अंगानं धिप्पाड, बोलायला मऊ.

पण दिवेलागण झाली की ते दार ओढून घेत. गल्लीत गणपतीची वर्गणी ठरायची असो की कुणाच्या घरी बारसं, सयाजीभाऊ संध्याकाळी कधी कुणाला दिसले नाहीत. लोक म्हणत, माणूस गर्विष्ठ आहे. मलाही तसंच वाटायचं. एकदा तिन्हीसांजेला मी भिंतीवरून त्यांच्याकडे खिरीची वाटी धरली. त्यांनी हसून हात पुढे केला आणि वाटीच्या बाजूची हवाच पकडली. मी वाटी सोडून दिली होती. खीर अंगणात सांडली.

बाळाबाई धावत बाहेर आल्या. नवऱ्याला आत बसवून मग माझ्यापाशी आल्या.

"सरूताई, राग धरू नका. ऊन कललं की त्यास्नी दिसत न्हाय. थोरल्या दिरांचं बी असंच झालेलं. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दावलं, डाक्टर म्हनले, डोळ्याच्या आतला पडदा विरत चाललाय. औषध न्हाय."

"आणि मार्केटात?"

"टोळीतली मान्सं सांभाळून घेत्यात. उजेड हाय तवर काम करायचं नि घर गाठायचं."

त्यानंतर मी त्यांचं वर्ष बघायला लागले. हिवाळ्यात ते चिडचिडे होत, चारपाचलाच घरी परतत. संक्रांत सरली की चेहरा उजळायला लागे. चैत्रात ते कामावरून येताना वाट वाकडी करून पारसिकच्या डोंगराच्या कडेनं येत, ओंजळभर करवंदं आणत. वैशाखात बहावा कुठे फुललाय, जांभळं कुठल्या झाडाची गोड, सुगरणीनं खोपे कुठे बांधायला घेतलेत, हे सगळं आम्हाला त्यांच्याकडून कळे. जूनमध्ये रस्त्याच्या कडेला टाकळा उगवला की पहिली जुडी आमच्या घरी येई.

आणि एकवीस जूनला त्यांचा सण असे. त्या दिवशी ते अर्धी सुट्टी घेत, दुपारी पुन्हा अंघोळ करून धुतलेला सदरा घालत. बाळाबाई सांज्याच्या पोळ्या करत. पहिल्या वर्षी मी विचारलं, "आज कुठला सण?"

"उजेडाचा," सयाजीभाऊ म्हणाले. "वर्साचा समद्यात मोठा दिवस. उद्यापास्नं सूर्य माघारी फिरनार. आज मी सात वाजून गेल्यावर घरी येनार बगा."

पोळ्या बांधून दोघं सारसोळ्याच्या खाडीवर जात. एका वर्षी मीही गेले. पावसानं धुतलेली तिवरं चमकत होती, ओहोटीच्या चिखलात एकाच मोठ्या नांगीचे खेकडे ती नांगी वर-खाली करत होते. बगळ्यांच्या पाठीवर विणीच्या दिवसांतली जाळीदार पिसं आली होती. पलीकडे ट्रॉम्बेच्या डोंगरामागे ढग तांबूस झाले होते. सयाजीभाऊ भुकेला माणूस जेवावा तसे बघत होते.

पंच्याण्णवच्या एकवीस जूनला बाळाबाईंना ताप होता, म्हणून ते एकटेच गेले. सहाच्या सुमारास खाडीवरून काळाभोर ढग चढला आणि भरदिवसा अंधारून आलं. बाळाबाई तापातच उठून बसल्या. "सरूताई, ते खाडीच्या बांधावर असतील," एवढंच म्हणाल्या. मी छत्री घेतली, त्यांना आधार दिला आणि आम्ही निघालो.

सारसोळ्याच्या जेटीपाशी पोचलो तर समोरून दोन माणसं येत होती. पुढे एक कोळी, कमरेपर्यंत भिजलेला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे सयाजीभाऊ, चिखलानं माखलेले. त्या कोळ्याचं नाव सदू.

"तुमचाच मानूस काय?" सदूनं विचारलं. "भरती लागली व्हती, पानी बांधाला आलं, आनि ह्यो गपचूप बसून ऱ्हायला. मी माजी होडी खुंट्याला बांधाया गेलो म्हनून दिसला. हाक तरी मारायची."

"कुनाला मारनार?" सयाजीभाऊ म्हणाले. "हितं मला कोन वळकतंय?"

"वलख कशाला पायजे? सारसोल्यात कोनाला पन हाक मार. मी सदू. आता वलख झाली."

बाळाबाई पदरानं नवऱ्याच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिल्या.

पुढच्या वर्षापासून एकवीस जूनला सदू जेटीवर थांबायचा. पावसाळ्यात मासेमारी बंद, होडी रिकामी. भरती बघून तो दोघांना खाडीत थोडं आत न्यायचा आणि पोळी खायचा. बाळाबाईंना पाण्याची भीती होती, तरी त्या बसत.

डोळे मात्र थांबले नाहीत. आता दिवसाही बाजूचं दिसेना. मार्केटात गोण्यांची हातगाडी अंगावर आली ती सयाजीभाऊंना कळलीच नाही, बरगडीला मार बसला. टोळीच्या मुकादमानं हमाली सोडायला लावली आणि गाळ्याच्या दारात फाटकी पोती शिवायला बसवलं. पहिले काही दिवस ते घरी येऊन जेवत नव्हते. मग हळूहळू बोटांना सवय झाली.

नव्व्याण्णव सालच्या जूनमध्ये ते मला म्हणाले, "सरूताई, आता किल्लीच्या भोकातनं बगितल्यावानी दिसतं. तुमी औंदा चला. परत कवा दिसंल, कुनास ठाव."

मी कचेरीतून लवकर निघाले. आम्ही चौघं होडीत. दिवसभर झड लागली होती, आणि सदू सारखा आभाळाकडे बघत होता. डोंगराच्या माथ्यापाशी अखेर ढग फाटले. पाणी, तिवरं, होडीचा काठ, सगळं एकदम पिवळंधमक झालं.

सयाजीभाऊ त्या बाजूला बघतच नव्हते. ते बाळाबाईंकडे वळून बसले होते, मान किंचित इकडेतिकडे करत, त्यांचा चेहरा थोडा थोडा बघत. कपाळ, मग डोळे, मग हनुवटी.

"आवो, सूर्य तिकडं हाय," बाळाबाई संकोचून म्हणाल्या.

"ठाव हाय मला."

"मग हिकडं काय बगताय?"

"सूर्याचा उजेड तुझ्या तोंडावर पडलाय, त्यो बगतोय."

सदूनं वल्हं थांबवलं. बाळाबाईंनी पदर सावरला, पण चेहरा वळवला नाही. डोंगराकडची उजेडाची कड विझेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सयाजीभाऊंची नजर पुरती गेली. मला वाटलं, आता हा सण संपला. पण एकवीस जूनला भिंतीपलीकडून सांज्याचा वास आला. मी बाळाबाईंना अंगणात गाठून विचारलं, यंदाही जाणार का?

"जानार तर," त्या म्हणाल्या. "काल इचारलं त्यास्नी. म्हनले, तू बगून सांग. मला कुठं सांगता येतंय? पर शिकंन की."

त्या संध्याकाळी मीही गेले. होडीत बाळाबाई बोलायला लागल्या, आधी अडखळत, मग न थांबता. ढगाचा रंग सांगताना नेमका शब्द सापडेना तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्या गावच्या म्हशीचं नवं रेडकू असतं बगा, तसा. वर काळा, नि पोटाशी लाल."

"कळलं," सयाजीभाऊ म्हणाले. "आनि खाली पान्यात?"

बाळाबाई होडीच्या काठावर वाकल्या आणि नीट बघू लागल्या.